तिसरी आणि चौथी जोडी

चार्जर तीनदा ओरडला आणि लाल झाला. सुवर्णानं वायर काढली, पिनांवर फुंकर मारली, पुन्हा लावली. चार्जर पुन्हा तीनदा ओरडला.

गोटीराम ओट्याखाली झेंडूचे क्रेट रचत होता. मार्केटची गाडी यायला अजून अर्धा तास होता. त्यानं मान वर केली नाही. ज्याला काही ठाऊक नसतं तो अशा वेळी मान वर करतो, काय झालं गं म्हणून विचारतो. गोटीराम क्रेटमधली फुलं हातानं सारखी करत राहिला. ती सारखीच होती.

"नाना, लाइट बरोबर हाय का आज?" सुनेनं विचारलं.

"हाय की. विहिरीवर मोटार चालू हाय ना."

"मंग ह्या बॅटऱ्या चार्ज का घेईनात?"

औषध फवारायचा ड्रोन बचत गटाचा होता. दहा लिटरची टाकी, सहा पंखे. अकरा बायकांच्या गटात परीक्षा देऊन उडवायचं लायसन काढलेली सुवर्णा एकटी, म्हणून ड्रोन गोटीरामच्या पडवीत राहायचा. एका उड्डाणाला दोन बॅटऱ्या लागायच्या, जोडीनं. अशा चार जोड्या. एक दमलेली आणि एक ताजी अशी जोडी लावायची नसते, हे गोटीरामला कुणी शिकवावं लागलं नाही. चाळीस वर्षं त्याच्या दावणीला बैल होते.

पहिली जोडी भरली. दुसरी भरली. तिसरी आणि चौथी लाल.

"कारभारीबापू त्यांच्या नऊ एकर मक्याजवळ फवारणीला येऊन थांबलेत," सुवर्णा म्हणाली. स्वतःशीच. मग पेटीजवळ उकिडवी बसून तिनं एकेक बॅटरी हातात घेतली, उलटीपालटी केली, वास घेतला. चौथ्या जोडीतली एक पोटाशी किंचित फुगली होती. तिनं तिच्यावर अंगठा दाबला आणि लगेच काढला, दुखऱ्या जागेवरून काढावा तसा.

झालं होतं ते असं. गौरी बसायच्या आदल्या दिवशी वाडीची डीपी जळाली आणि लाइट गेली. मुलगा कुंदन आणि सुवर्णा कळवणला गेलेले. सुवर्णाच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. सणाला सून घरात नाही म्हणून गोटीरामची बायको सरुबाई आधीच भांडी आपटत होती, त्यात अंधार. समया होत्या. समईच्या उजेडात त्या घरात गौरी पिढ्यान् पिढ्या बसल्या. पण गोटीरामनं यंदा शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या भंगारातून गाडीच्या वायपरच्या दोन मोटरी आणून ठेवल्या होत्या, दोन्ही गौरींच्या मागं फिरतं चक्र लावायला. रंगीत दिव्यांच्या पट्ट्याही आणल्या होत्या. वाडीत पंपाच्या स्टार्टरला हात लावणारा माणूस तोच. बारा-बारा व्होल्टच्या दोन मोटरी जोडल्या की चोवीस होतात, तेवढेच ड्रोनच्या बॅटरीचे, एवढं त्याला कळत होतं. त्यानं ड्रोनची पेटी उघडली आणि एक बॅटरी काढली.

चक्रं फिरली. पट्ट्या लागल्या. सगळी वाडी काळोखात आणि गोटीरामच्या घरात ज्येष्ठा-कनिष्ठेच्या मागं तांबडा-हिरवा उजेड गरगरतोय. हळदीकुंकवाला आलेल्या बायका उंबऱ्यातच थबकल्या. गटाची अध्यक्ष प्रतिभा म्हणाली, "नाना, इन्व्हर्टर घेतला काय?"

"बारका हाय," गोटीराम म्हणाला.

चक्र मंदावलं की तो बॅटरी बदलायचा. तीन दिवसांत चार झाल्या. शेवटची तर चक्र बंद पडल्यावरही तशीच वायरीला राहिली, गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. मग त्यानं चारही उपरण्यानं पुसल्या, हळदीचे डाग काढले आणि पेटीत होत्या तशा ठेवल्या. रिकामी झाली तर सुवर्णा भरतेच की. बैल दमला तर चारा टाकायचा, पाणी दाखवायचं, सकाळी उठतो. एवढाच त्याचा हिशेब.

ही बॅटरी उठत नव्हती.

*

प्रतिभा स्कुटीवरून उतरली तीच बोलत.

"तो कारभारी माझ्या घरी येऊन ओरडून गेला. काय सांगू त्याला? चार जोड्या होत्या ना गं?"

"दोन चालू हायेत ताई. दोन चार्ज होईनात."

"का?"

"पार खाली गेल्यात. एकदा एवढ्या खाली गेल्या की चार्जर घेत नाय."

"खाली कशानं गेल्या?"

"मी अर्ध्यावर ठेवल्या व्हत्या. दरवेळी ठेवते. ट्रेनिंगात सांगितलं तसंच."

"मंग काय उंदरांनी पिल्या का?"

बरोबर आलेल्या दोघी फिस्सकन हसल्या. सुवर्णा हसली नाही. गोटीराम गोठ्यापाशी दोर वळत बसला होता. त्याचा पीळ उलटा पडला होता. तो उलटाच वळत राहिला.

"ट्रेनिंगला तूच गेलीस," प्रतिभा म्हणाली. "पंधरा दिवस कळवणला ऱ्हायलीस, आम्ही काही बोललो? आमच्या अंजलीनं पण दहावी केलेली हाय. तिला बी येईल की पाठवता ट्रेनिंगला. मशीन काय कुणाच्या सासरची नाय."

"बरोबर हाय ताई."

"बरोबर हाय म्हनून चालत नाय. शनिवारी मीटिंग लावते. तोवर बघ काय करती."

सरुबाईनं चहा आणला. प्रतिभानं घेतला, बशीत ओतून फुर्रकन प्यायली आणि म्हणाली, "नाना, तुमच्यासारखं जपून वापरणारं माणूस नाय राहिलं आता. तुमची ती मोटार वीस वर्षं चालू हाय."

गोटीराम म्हणाला, "हं."

*

दोन जोड्यांवर पाच एकर झाला. गरम बॅटरी निवायला वेळ लागतो, गरमागरम चार्जिंगला लावली की तीही मरते, म्हणून दर फेरीला सुवर्णा लिंबाखाली बसून वाट बघायची आणि बांधावर कारभारी घड्याळ बघायचा. चार एकर राहिला. कारभारी म्हणाला, उद्या दिंडोरीच्या ड्रोनवाल्याला बोलावतो.

"नका बोलावू बापू. मी मारून देते."

"कशानं?"

"पाठीवर पंप घेऊन."

कारभारी हसला. मका डोक्याच्या वर दोन हात गेलेला. त्यात पंप घेऊन माणूस शिरत नाही, म्हणून तर ड्रोन लागतो. पण सकाळी सुवर्णा कुंदनचा जुना फुल शर्ट घालून, तोंडाला ओढणी गुंडाळून शिरली. गोटीराम विहिरीवरून पाण्याचे ड्रम आणून बांधावर ठेवत होता. तिचा पंप दिसत नव्हता, तीही दिसत नव्हती. नुसती पानं हलायची आणि फुस्स फुस्स आवाज पुढं पुढं जायचा. मक्याच्या पानाची कड ब्लेडसारखी. दुपारी ती बाहेर आली तेव्हा मानेवर, कानांमागं, मनगटावर बारीक रेघा उठल्या होत्या. नोझलचा फवारा वाऱ्यानं उलटा आलेला, पाठ औषधानं चिंब. पंप उतरवला तर खांद्यावर पट्ट्याचे दोन जांभळे वळ.

"दे इकडं," गोटीराम म्हणाला. "उरलेलं मी मारतो."

"तुमचा गुडघा हाय नाना. राहू द्या." तिनं ओढणी सोडून चूळ भरली. "माझ्याच हातनं झालंय तर मीच निस्तरीन."

तेव्हा सांगता आलं असतं. बांधावर तिसरं कुणी नव्हतं. गोटीरामनं ड्रमचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "पानी अजून एक खेप आणतो," म्हणाला आणि रिकामा ड्रम उचलून चालू लागला. गुडघा खरंच दुखत होता. दुखतोय याचं त्याला बरं वाटलं.

घरी सरुबाई भाकरी थापत होती. तो चुलीपुढं बसला.

"सांगून टाकतो."

"काय सांगता?"

"तुला ठाव नाय व्हय?"

सरुबाईनं भाकरी उलटली. "गप ऱ्हावा. तिच्या हातून झालं म्हनले तर चार दिवस बोलतील. तुमच्या हातून झालं म्हनले तर म्हातारपणी गावभर तोंड लपवीत फिराल. आन् माझ्या गौरींचं नाव निघंल ते येगळंच."

"पोरीची पाठ बघ जाऊन."

"माझ्या पाठीवर तीस वर्सं भाजीच्या पाट्या व्हत्या. कुणी पाह्यली?"

त्या पाट्या त्यानंच भरून दिल्या होत्या.

संध्याकाळी कुंदन कामावरून आला. सातपूरला एका कारखान्यात मशीनवर होता. बूट काढता काढताच त्याला सगळं कळलं. "तुला झेपत नसंल तर देऊन टाक ना ती ब्याद," तो म्हणाला. "मला कंपनीत लोक इचारतात, तुझी बायको विमान उडवती म्हणं."

सुवर्णा ताटावर बसून भाताचा घास नुसता चिवडत होती. मग एकदम सरुबाईकडं वळली.

"आई, बाबांचा फोन आला त्या दिवशी मी घाईत व्हते ना लय? मला वाटतं मी अर्ध्यावर केल्या. पण आता आठवायला गेलं की दिसतच नाय. चार्जर लावला व्हता का, का नुसतं मनात व्हतं? मी तशाच रिकाम्या ठेवून निघून गेले आसंल, काय?"

सरुबाईनं आमटी वाढली.

"घाईत व्हतीस खरी," ती म्हणाली.

सुवर्णानं मान हलवली. पटल्यासारखी. गोटीरामच्या हातातला तुकडा ताटात पडला. पोरगी शहाणी होती, दर उड्डाणाचं वहीत लिहायची, औषध चमच्यानं मोजायची. आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती आपल्याच डोक्यावर विश्वास टाकायचं सोडून देत होती. बॅटरी संपली ती दिव्यांत संपली. हे जे आत्ता संपत होतं, ते तो बसल्या जागेवरून संपवत होता. एक शब्द न बोलता.

तो जेवला. ताट धुऊन ठेवलं. हीच गोष्ट सांगायची लाज वाटते, पण तो पोटभर जेवला.

*

सातपूरला सोमनाथ नावाचा बॅटरीवाला आहे, असं कुंदननं सांगितलं. मेलेल्या जाग्या करतो म्हणे. गुरुवारी सुवर्णा निघाली तर गोटीरामही निघाला. "एकटीला ओझं व्हईल," म्हणाला. औषधाच्या रिकाम्या डब्यात कोरडी वाळू भरून चार बॅटऱ्या त्यात रोवल्या. फुलांच्या गाडीनं द्वारकेपर्यंत, तिथून रिक्षानं. पूर्ण वाटेत डबा त्याच्या मांडीवर होता.

सोमनाथचा गाळा बारका. एका भिंतीला ई-रिक्षाच्या बॅटऱ्या, दुसरीकडं वाळूच्या बादल्या. त्याच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची गुळगुळीत कातडी. त्यानं बॅटरीच्या पांढऱ्या बारक्या वायरीत मीटर लावला आणि आकडे बोलत गेला.

"आत सहा खाने असतात ताई, सेल. भरलेला खाना चार व्होल्टच्या वर. तीनच्या खाली गेला की चार्जर हात लावत नाही, घाबरतो. हा बघा, दोन पॉइंट दोन. दोन पॉइंट दोन. दोन पॉइंट एक." तो थांबला. सहाही खाने मोजले, दुसरी बॅटरी मोजली. "ह्या पडून नाही संपल्या."

"म्हणजे?" सुवर्णानं विचारलं.

"पडून संपतात तेव्हा एक खाना खाली, एक वर, असं वाकडंतिकडं होतं. ह्या सगळ्या सारख्या उतरल्यात. हळूहळू कुणीतरी ओढलंय ह्यांच्यातनं. ड्रोननं नाही, ड्रोन एवढं खाली जायच्या आधीच स्वतः उतरतो. काय जोडलं होतं?"

"काहीच नाय."

"आठवा."

"मीच काहीतरी केलं असंल," सुवर्णा म्हणाली. "माझ्या ध्यानात ऱ्हात नाय आता."

सोमनाथनं मीटर खाली ठेवला. "ठीक आहे. ते सोडा. किती दिवस झाले एवढं सांगा. हे महत्त्वाचं. एवढ्या खाली जाऊन दहा-बारा दिवस झाले असतील तर अर्ध्या अँपिअरनं चुचकारून बघता येतं. महिना झाला असेल तर आतलं तांबं विरघळलेलं असतं. तशी जागी केली तर होते, पण चार्जिंगला फुटते, नाहीतर उडताना. हे बघा," त्यानं डावा हात पुढं केला. "गिऱ्हाईक म्हणालं होतं, परवाच संपली भाऊ. चार महिने पडलेली होती."

सुवर्णानं बोटं मोजली. "शेवटचं उड्डाण पंधरा ऑगस्टच्या आधी. म्हणजे महिन्याच्या वर झालं."

"मग नाही." त्यानं बॅटरी डब्यात परत ठेवली. "चारही भंगारात टाका. खोटं सांगून दुसऱ्याकडून करून घेऊ नका."

सुवर्णा उठली. डब्याचं कडं धरलं. तिचं तोंड असं झालं होतं, की गोटीरामला त्याच्या आईच्या मयताची आठवण झाली.

"तेरा दिवस," तो म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडं पाहिलं.

"तेरा दिवस झाले. गौरीच्या टायमाला मी काढल्या. वायपरच्या दोन मोटरी आन् दिव्याच्या पट्ट्या. ही जोडी पहिल्यांदा. ही दुसरी, ही लय येळ राहिली, चक्र थांबलं तरी काढली नाय मी." त्याचा आवाज बाजारात भाव सांगतात तसा सपाट होता. "पोरीचा काय संबंध नाय. ती कळवणला व्हती."

गाळ्यात पंख्याचा आवाज. शेजारच्या शेडमध्ये कुणी पत्रा कापत होतं.

सुवर्णानं त्याच्याकडं बघितलं नाही. मीटरकडं बघत होती. म्हणाली, "आईंना ठाऊक व्हतं?"

गोटीरामनं डब्यातली वाळू हातानं सारखी केली. तिला कळलं.

सोमनाथ खाकरला. "बसा काका. स्टूल घ्या." त्यानं वायरी जोडल्या. "ही जोडी बघतो. फुगलेली ती आणि तिची जोडीदार माझ्याकडं सोडून जा, मिठाच्या पाण्यात टाकावी लागेल."

काटा हलू लागला. दोन पॉइंट दोन. दोन पॉइंट चार. सोमनाथ मध्येच पाठीवर हात ठेवायचा बॅटरीच्या, गरम होते का बघायला. दोन तास लागले तीनवर यायला. दोन तास सुवर्णा बाहेर पायरीवर बसून होती. गोटीराम चहा घेऊन गेला. तिनं घेतला, प्यायली, कप बाजूला ठेवला. "मला वाटाया लागलं व्हतं मला काहीतरी झालंय," ती रस्त्याकडं बघत म्हणाली. "डोक्याला. आमच्या आजीला झालं व्हतं तसं."

तो तिथंच उभा राहिला. पाया पडावं असं वाटलं. सासऱ्यानं सुनेच्या पाया पडायची रीत नाही. तो पडला नाही.

*

सोमनाथनं नियम सांगितले होते. घरात नाही, उघड्यावर. वाळूच्या खड्ड्यात. तीनदा हळू भरायची, तीनदा हळू उतरवायची, आणि शेजारी माणूस हवा. जेवायलाही उठायचं नाही. मग एक दिवस तशीच ठेवून बघायची, एखादा खाना खाली बसतो का. नाही बसला तर अर्धी टाकी भरून उडवायची, माणसांच्या डोक्यावरून न्यायची नाही.

दोन दिवस गोटीराम खड्ड्याशी बसला. झेंडू तोडणीला आलेला; सरुबाई एकटी तोडत होती आणि ऐकू जाईल असं पुटपुटत होती. ऊन चढलं तसं त्यानं पोत्याची सावली केली, बॅटरीवर. स्वतः उन्हातच. दर थोड्या वेळानं तळहात ठेवायचा. वासराला ताप आला की असाच कानामागं हात ठेवायचा तो. कोमट. कोमट. कोमटच.

सुवर्णा येऊन आकडे वहीत लिहून घ्यायची.

"किती?"

"तीन पॉइंट आठ. सहाचे सहा."

"बरं."

एवढंच. नाना म्हणत नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर त्याला पाठ पुढं करता आली असती.

शनिवारी चार वाजता शाळेच्या व्हरांड्यात मीटिंग होती. तो स्वतःहून गेला. अकरा बायका सतरंजीवर, त्यांत सुवर्णा कडेला. त्यानं चपला काढल्या, टोपी काढली. टोपी हातात घेऊन गोटीराम कधी कुणापुढं उभा राहिला नव्हता.

"माझं एक बोलनं हाय."

"बोला ना नाना. अगं खुर्ची दे नानांला."

"खुर्ची नको. ह्या बॅटऱ्या मी घालवल्या." त्यानं सगळं सांगितलं. मोटर, पट्ट्या, चक्र. इन्व्हर्टर म्हणून खोटं बोलल्याचं सांगितलं. "तुम्ही आठवडाभर हिला बोलल्या. मी तिथंच व्हतो. ऐकत व्हतो. दोन बॅटऱ्या गेल्या त्या भरून द्यायचं माझ्याकडं. काय बोलायचं ते मला बोला."

त्यानं मान खाली घातली. आता पडू दे, असं त्याला वाटलं. त्याला ते हवं होतं.

पहिल्यांदा बायडाबाई हसली. मग सगळ्याच.

"म्हनजे तो इन्व्हर्टर नव्हता?" प्रतिभा डोळे पुसत म्हणाली. "बाई बाई बाई! आन् आम्ही घरी जाऊन नवऱ्यांच्या मागं लागलो, नानांसारखा इन्व्हर्टर आणा म्हनून!"

"किती गोड दिसत व्हत्या पण गौरी."

"अहो नाना, देवाच्याच कामाला लागल्या ना. आपल्या घरात नेऊन खाल्ल्या का तुम्ही?"

"आन् बघा, एवढा वयस्कर माणूस स्वतः येऊन कबूल झाला. आमच्याकडचे असते तर मेले असते पण बोलले नसते."

"बसा नाना, बसा. मनाला लावून घेऊ नका."

कुणीतरी पाणी आणून दिलं. तो प्यायला. आठवडाभर जे एका पोरीला चघळून थुंकलं, ते त्याच्या पुढ्यात येताच गूळ झालं. माफी एवढी सोपी असते हे त्याला माहीत नव्हतं; जन्मभर ती मागायच्या आधीच मिळत आली होती. त्यानं सुवर्णाकडं पाहिलं. ती सतरंजीचा धागा ओढत होती. तिची माफी कुणी मागितली नव्हती. तो विषयच निघाला नव्हता.

"पण एक हाय," प्रतिभा म्हणाली, आणि आवाज पुन्हा मीटिंगचा झाला. "सुवर्णा, मशीन तुझ्या ताब्यात. पेटी उघडी टाकून तू पंधरा दिवस गावाला गेलीस. आज नानांनी काढल्या, उद्या लहान पोरांनी काढल्या असत्या तर? कुनाला शॉक बसला असता तर?"

"चुकलं ताई," सुवर्णा म्हणाली.

"तिचं काय चुकलं?" गोटीराम म्हणाला. "सासऱ्याच्या घरात कुनी कुलूप लावतं का? आन् लावलं असतं तर मीच म्हनलो असतो, माझ्यावर विश्वास नाय का."

"नाना, तुम्ही तिची बाजू घेणारच. चांगलं हाय. पण नियम म्हनजे नियम." प्रतिभानं पिशवीतून पितळी कुलूप काढलं. ती तयारीनंच आली होती. "मशीन सुवर्णा चालवंल. अंजली ट्रेनिंग घेईपर्यंत तरी. पण पेटीला कुलूप, आन् किल्ली जबाबदार माणसाकडं. माझ्याकडं ठेवली तर हिला रोज सकाळी एवढ्या लांब यावं लागंल. मी म्हनते नानांकडं ठेवू. सगळ्यांना मान्य?"

"मान्य."

"मान्य. नाना म्हनजे काळजी नाय."

"मला नको," गोटीराम म्हणाला. "अगं, मीच तर... तिला द्या."

बायका पुन्हा हसल्या, कौतुकानं. ठरावाच्या वहीत नाव लिहून झालं होतं. प्रतिभानं त्याच्या हातात किल्ली ठेवली आणि वाकून नमस्कार केला, मोठ्या माणसाला करतात तसा. त्यानं किल्ली फेकून द्यायला हवी होती. अकरा बायकांसमोर ओरडायला हवं होतं. त्याचा हात आपोआप आशीर्वादाला उठला.

*

सोमवारी कारभारीच्या भावाच्या सोयाबीनवर फवारा होता. गाडी सातला येणार. गोटीराम अंघोळ करून ओट्यावर बसला होता, किल्ली बंडीच्या खिशात.

सुवर्णा टोपी घालून, रिमोट गळ्यात अडकवून पडवीत आली. पेटीपाशी थांबली. मग वळली आणि त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"नाना, किल्ली."

चार दिवसांनी ती नाना म्हणाली होती. त्यानं खिशातून किल्ली काढून तिच्यापुढं धरली. "ही घे. तुझ्याकडंच ठेव. कुणाला कळतंय?"

"नको."

"आगं, घे म्हनतो."

"तुम्ही उघडा. ठरावात तुमचं नाव हाय." आवाज चढला नव्हता. "उद्या एखादी पुन्हा उतरली तर मी पहिल्यांदा माझंच डोकं तपासीन, नाना. मला आता तशी सवय झाली. किल्ली माझ्याकडं नसली म्हनजे निदान मी केलं नाय एवढं तरी ठाऊक ऱ्हाईल."

तो उठला. गुडघा कडकडला. पेटीशी वाकून कुलूप काढायला लागला. किल्ली दोनदा चुकली, तिसऱ्यांदा फिरली. सुवर्णानं पहिली जोडी घेतली, दुसरी घेतली, मग जागी झालेली तिसरी. प्रत्येकीवर तळहात ठेवून बघितलं. एकेक करून गाडीत नेऊन ठेवल्या. चौथ्या जोडीची जागा रिकामी होती.

गाडी सुरू झाली. ती मागं चढली, मग काहीतरी आठवल्यासारखी खाली उतरून पडवीपर्यंत आली.

"कुलूप लावा," ती म्हणाली.

"आत काय हाय आता?"

"काय नाय. तरी लावा. मी बघते."

ती उभी राहिली. त्यानं रिकाम्या पेटीला कुलूप लावलं, ओढून दाखवलं, आणि ती मान हलवेपर्यंत तसाच वाकून राहिला.